स्वमग्न मुलासह अमेरिकेत जाताना: घर ठरवण्याआधी विशेष शिक्षणाची सोय कशी शोधावी

कंपनीकडून अमेरिकेतील कामाचे पत्र हाती आले की बहुतेक कुटुंबे आधी घर शोधू लागतात: कार्यालय किती लांब, भाडे किती, ओळखीचे कोणी जवळपास राहते का. घरात स्वमग्न (ऑटिझम असलेले) मूल असेल तर हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. तेथील सरकारी शाळा राहत्या पत्त्यावरून ठरते, विशेष शिक्षणाची जबाबदारी त्या पत्त्याच्या स्कूल डिस्ट्रिक्टवर, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेवर, येते, आणि एकदा वर्षभराचा भाडेकरार झाला की डिस्ट्रिक्ट बदलायची तर घरच बदलावे लागते. म्हणून आधी डिस्ट्रिक्ट आणि मग घर. आणि पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच मूल्यमापनाचा लेखी अर्ज. पुढील पायऱ्या या दोन गोष्टी नीट साधाव्यात यासाठी आहेत. उदाहरणे मुख्यतः न्यू जर्सी, टेक्सास आणि कॅलिफोर्निया या राज्यांची घेतली आहेत, कारण आपल्याकडची बरीच कुटुंबे तेथे जातात आणि तिन्ही राज्यांची पद्धत एकमेकांपेक्षा बरीच वेगळी आहे.

पायरी १: कायद्याने काय मिळते ते समजून घ्या

अपंग मुलांच्या शिक्षणाचा देशव्यापी कायदा अमेरिकेत १९७५ साली झाला. १९९० मध्ये त्याला ‘इंडिव्हिज्युअल्स विथ डिसॅबिलिटीज एज्युकेशन ॲक्ट’ हे नाव मिळाले आणि त्याच वेळी ऑटिझमचा त्यात स्वतंत्र गट म्हणून समावेश झाला. बोलताना सगळे त्याला आयडीईए म्हणतात. या कायद्यानुसार साधारण ३ ते २१ वर्षे वयाच्या पात्र मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे विनाशुल्क शिक्षण देणे सरकारी शाळेवर बंधनकारक आहे, आणि ते कसे द्यायचे हे आयईपी नावाच्या वैयक्तिक आराखड्यात लिहिलेले असते. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वर्गातील मदतनीस, घराजवळून नेणारी स्कूलबस, यांपैकी जे आयईपीत लिहिले गेले त्याचा खर्च शाळा करते. आपल्याकडे शॅडो टीचरचा पगार बहुधा पालकच देतात आणि ती व्यक्तीही पालकच निवडतात. तेथे मदतनीस शाळेचा कर्मचारी असतो, त्यामुळे खर्च वाचतो, पण निवडही हातातून जाते. ही अदलाबदल आधीच मनात धरून जावे.

व्हिसाच्या प्रकारामुळे हा हक्क जात नाही. देशात राहण्याची कागदपत्रे नसली तरी मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच दिला आहे. मग एच-४ व्हिसावर (तेथे नोकरीसाठी जाणाऱ्याच्या कुटुंबीयांना मिळणारा व्हिसा) आलेल्या मुलाच्या बाबतीत शंका घेण्याचे कारणच नाही. त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये कोलोरॅडोतील एका स्वमग्न मुलाच्या खटल्यात असे सांगितले की नावापुरती प्रगती दाखवणारा आराखडा पुरेसा नाही; त्या मुलाची परिस्थिती लक्षात घेता त्याला साजेशी प्रगती होईल अशा बेताने तो आखलेला असला पाहिजे. बैठकीत शाळा अगदी थोडक्यावर बोळवण करू लागली तर या निकालाचा उल्लेख उपयोगी पडतो.

मूल तीन वर्षांहून लहान असेल तर मार्ग वेगळा आहे. त्या वयासाठी शाळेऐवजी शीघ्र हस्तक्षेपाची योजना असते; कॅलिफोर्नियात तिला अर्ली स्टार्ट म्हणतात, टेक्सासमध्ये ईसीआय, आणि न्यू जर्सीत अर्ली इंटरव्हेन्शन सिस्टिम. नोंद झाल्यापासून ४५ दिवसांत मूल्यमापन होऊन पहिली आराखडा-बैठक व्हावी, असा नियम आहे. आणखी एक गोष्ट नव्याने जाणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते: सर्वसाधारण मुलांची पूर्वप्राथमिक शाळा बहुतेक ठिकाणी महागडी आणि खासगी असली, तरी पात्र ठरलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला डिस्ट्रिक्टचा विशेष पूर्वप्राथमिक वर्ग मोफत मिळतो.

खासगी शाळेचा विचार करणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. पालकांनी स्वतःहून मूल खासगी शाळेत घातले तर आयईपीचा वैयक्तिक हक्क त्याच्याबरोबर जात नाही. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालतात, त्यामुळे त्यांना हा कायदा लागू आहे.

पायरी २: निघण्याआधी भारतात कोणते कागद तयार करावेत

येथील अपंगत्व प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तीचे सरकारी ओळखपत्र) आणि त्यावरील टक्केवारी यांना अमेरिकेतील शाळेत जवळजवळ अर्थ नाही. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली ऑटिझमचे प्रमाण ठरवण्यासाठी आयएसएए ही मापनश्रेणी वापरतात; ७० ते १०६ गुण म्हणजे सौम्य, १०७ ते १५३ म्हणजे मध्यम, त्यापुढे तीव्र. तेथील स्कूल सायकॉलॉजिस्टने ही श्रेणी बहुधा पाहिलेलीही नसते. तेथे ओळखीची असते ती डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या नियमावलीनुसार लिहिलेली निदानाची भाषा आणि एडीओएस-२, कार्स-२, व्हाइनलँड यांसारख्या चाचण्यांचे गुण. शक्य असेल तर निघण्यापूर्वी विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडून किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून असा ताजा अहवाल करून घ्यावा. अमेरिकेत या तज्ज्ञांच्या भेटीसाठी कित्येक महिने थांबावे लागते आणि विमा कंपनीला मात्र निदानाचा कागद पहिल्या दिवसापासून हवा असतो.

थेरपिस्ट आणि शाळा यांच्याकडूनही लेखी अहवाल घ्यावेत, आणि ते कसे लिहायचे हे आपणच विनंती करून सांगावे. ‘मूल सहकार्य करत नाही, लक्ष देत नाही’ अशा वाक्याचा तेथे काही उपयोग होत नाही. ‘दोन टप्प्यांची सूचना नुसती तोंडी दिल्यास पाचपैकी एकदा पाळतो; चित्रे दाखवल्यास पाचपैकी चार वेळा पाळतो’ हे वाक्य सोन्याच्या मोलाचे आहे, कारण आयईपीतील उद्दिष्टे नेमकी याच घाटाची असतात आणि तेथील शिक्षकाला त्यातून मूल आज कोठे आहे व कोणत्या आधाराने पुढे सरकते हे दोन्ही कळते. आठवड्याला कोणती थेरपी किती वेळ चालू होती, ती कधीपासून, एकट्याने की गटात, हेही अहवालात यावे.

यांच्या जोडीला लसीकरणाची संपूर्ण नोंद हवी. ती नसेल तर प्रवेशच अडतो, आणि राज्यानुसार एखादी लस पुन्हा घ्यावी लागू शकते. औषधे चालू असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मूळ रासायनिक नाव व मात्रा लिहून घ्यावी, कारण आपल्याकडची ब्रँडनावे तेथील औषध दुकानात कोणाला कळत नाहीत. मिथाइलफेनिडेटसारखे औषध तेथे कडक नियंत्रणाखाली येते आणि त्यासाठी दर वेळी तेथील डॉक्टरची नवी चिठ्ठी लागते; म्हणून पोहोचताच बालरोगतज्ज्ञाची वेळ घ्यावी. मूल बोलण्यासाठी टॅब्लेटवरचे ॲप किंवा चित्रांची वही वापरत असेल तर ते वापरतानाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ जरूर करून ठेवावेत. नव्या जागी गांगरलेले मूल मूल्यमापनाच्या खोलीत जे करून दाखवणार नाही, ते व्हिडिओत दिसते.

पायरी ३: डिस्ट्रिक्ट कशी निवडावी

नोकरीच्या ठिकाणापासून रोजच्या प्रवासाच्या टप्प्यात येणाऱ्या सर्व डिस्ट्रिक्टांची यादी करावी. येथे पहिली ठेच लागते ती शहराच्या नावाला. टपालाच्या पत्त्यातील शहर आणि स्कूल डिस्ट्रिक्ट एकच असतील असे धरून चालू नये. टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला प्लेनो शहराच्या पश्चिम भागातील काही वस्ती फ्रिस्कोच्या डिस्ट्रिक्टमध्ये मोडते, तर फ्रिस्को शहराचे काही भाग लुइसव्हिल किंवा प्रॉस्परच्या डिस्ट्रिक्टमध्ये जातात. कॅलिफोर्नियातील सनीव्हेलमध्ये तर एका रस्त्यावरची मुले सनीव्हेलच्या प्राथमिक डिस्ट्रिक्टची आणि थोड्या अंतरावरची क्युपर्टिनो किंवा सांता क्लाराच्या डिस्ट्रिक्टची असे घडते, आणि माध्यमिक शाळांची डिस्ट्रिक्ट पुन्हा निराळी असते. न्यू जर्सीत मात्र सहसा प्रत्येक गावाची आपली डिस्ट्रिक्ट असते. राज्य लहान असूनही डिस्ट्रिक्टांची संख्या ६०० च्या आसपास आहे. घराच्या जाहिरातीत छापलेल्या शाळेच्या नावावर विसंबू नये. डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर घर क्रमांकासह पत्ता घालून खात्री करावी, आणि तरीही शंका वाटली तर प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे.

शाळांना दहापैकी गुण देणारी संकेतस्थळे आपल्या लोकांत फार लोकप्रिय आहेत. ते गुण मुख्यतः परीक्षेच्या निकालांवरून दिलेले असतात. विशेष शिक्षणाचा कारभार कसा चालतो याबद्दल त्यातून जवळपास काहीच कळत नाही. त्याऐवजी आयडीईएखाली प्रत्येक राज्याला दरवर्षी डिस्ट्रिक्टनिहाय जाहीर करावी लागणारी माहिती पाहावी. ती राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर असते. त्यात दोन आकडे मुद्दाम शोधावेत: विशेष शिक्षणातील किती टक्के मुले दिवसाचा ८० टक्के किंवा अधिक वेळ सर्वसाधारण वर्गात असतात, आणि किती टक्के मूल्यमापने ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाली. पहिला आकडा फार कमी असेल तर ती डिस्ट्रिक्ट मुलांना वेगळ्या वर्गांकडे ढकलते असा संशय घ्यायला जागा आहे. तो फार जास्त असणे मात्र आपोआप चांगले ठरत नाही, कारण ज्या मुलाला लहान, शांत वर्गाची गरज आहे त्याच्यासाठी तसा वर्ग त्या डिस्ट्रिक्टमध्ये नसण्याचीही शक्यता असते. आपल्या मुलाला काय हवे ते मनाशी ठरवून मगच हे आकडे वाचावेत.

आकड्यांच्या मागचा इतिहासही कधीकधी पाहण्यासारखा असतो. टेक्सासने २००४ पासून विशेष शिक्षणातील मुलांचे प्रमाण ८.५ टक्क्यांच्या आसपास ठेवणारा निकष डिस्ट्रिक्टांना लावला होता. २०१६ मध्ये एका वृत्तपत्राने हे उघडकीस आणले, निकष रद्द झाला, आणि संघराज्याच्या शिक्षण खात्याने २०१८ च्या आरंभी राज्याने कायदा मोडल्याचा निष्कर्ष जाहीर केला. म्हणून टेक्सासला जाऊच नये असे अजिबात नाही. पण मूल्यमापनासाठी तेथे लेखी आग्रह धरावा लागला तर त्याचे नवल वाटू देऊ नये.

कागदावरची माहिती संपली की माणसांकडे वळावे. प्रत्येक राज्यात संघराज्याच्या अनुदानावर चालणारे किमान एक पालक प्रशिक्षण व माहिती केंद्र असते आणि त्याची मदत मोफत मिळते. न्यू जर्सीत स्पॅन, टेक्सासमध्ये पार्टनर्स रिसोर्स नेटवर्क, आणि सिलिकॉन व्हॅलीच्या परिसरात पेरेंट्स हेल्पिंग पेरेंट्स ही अशी केंद्रे आहेत. भारतातून ईमेल करून, ‘आम्ही अमुक भागात येणार आहोत, मूल इतक्या वर्षांचे आहे, गरजा अशा आहेत’ असे लिहिले तर त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. तेथील मराठी मंडळांमधूनही स्वमग्न मुलांचे पालक भेटतात, आणि ते खुलेपणाने बोलतात. फक्त त्यांचा अनुभव एका शाळेचा आणि एका मुलाचा असतो, हे ऐकताना लक्षात ठेवावे.

पायरी ४: डिस्ट्रिक्टला आधीच कोणते प्रश्न विचारावेत

राहण्याचा पुरावा नसताना डिस्ट्रिक्ट मूल्यमापन सुरू करणार नाही, पण विशेष शिक्षण विभागाचा संचालक किंवा त्याचे कार्यालय सर्वसाधारण प्रश्नांना उत्तर देते. येथे प्रत्येक राज्याची आपली परिभाषा आहे, आणि ती वापरली की उत्तर लवकर येते. न्यू जर्सीत मुलाचे मूल्यमापन करणाऱ्या पथकाला चाइल्ड स्टडी टीम म्हणतात; टेक्सासमध्ये आयईपी ठरवणाऱ्या समितीचे नाव एआरडी आहे; कॅलिफोर्नियात अनेक लहान डिस्ट्रिक्ट मिळून सेल्पा नावाचा गट करतात आणि काही वर्ग त्या गटामार्फत चालतात.

आपल्या मुलाच्या वयासाठी स्वमग्न मुलांचे कोणते वर्ग आहेत, आणि ते पत्त्याच्या जवळच्या शाळेत आहेत की बसने दूर जावे लागेल. सर्वसाधारण वर्गात राहून मदत हवी असेल तर विशेष शिक्षक वर्गात येतो की मुलाला बाहेर नेतो. स्पीच थेरपिस्ट शाळेचा कायम कर्मचारी आहे की एजन्सीमार्फत किंवा पडद्यावरून सेवा दिली जाते. वर्तनतज्ज्ञ किती शाळांमध्ये फिरतो. उन्हाळी सुट्टीत मागे पडणाऱ्या मुलांसाठी वाढीव सत्र कसे ठरते, हे सगळे विचारावे. एक प्रश्न अवघड वाटला तरी टाळू नये: मूल फार अस्वस्थ झाले तर शाळेत काय करतात, त्याला धरून ठेवणे किंवा खोलीत एकटे ठेवणे यांबद्दलचे लेखी धोरण काय आहे, आणि तसे घडल्यास पालकांना कधी कळवतात. याबाबतचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत. मूल अचानक पळत सुटणारे असेल तर शाळेचे मैदान कुंपणाचे आहे का आणि शेजारी मोठा रस्ता किंवा तळे आहे का, हे नकाशावरही पाहता येते.

उत्तरांतील मजकुराइतकाच त्यांचा सूर महत्त्वाचा असतो. ‘प्रत्येक मुलाचे त्याच्या गरजेप्रमाणे ठरते’ हे वाक्य कायद्याला धरून आहे आणि सर्वच डिस्ट्रिक्ट ते लिहितात. त्यापुढे एखादे तरी नेमके वाक्य येते का, ते पाहावे.

पायरी ५: नोकरी स्वीकारताना विम्याची चौकशी

शाळेबाहेरच्या थेरपीचा खर्च आरोग्य विम्यावर अवलंबून असतो, आणि ही चौकशी नोकरीचे पत्र सही करून देण्याआधी करायची असते. स्वमग्नतेच्या उपचारांना विम्याने संरक्षण द्यावे असा कायदा आता पन्नासही राज्यांत आहे. मेख अशी की कंपनी स्वतःच्या पैशातून विमा योजना चालवत असेल, म्हणजे योजना ‘सेल्फ-फंडेड’ असेल, तर १९७४ च्या एका संघराज्यीय कायद्यामुळे राज्याचा हा नियम तिला लागू होत नाही. मोठ्या कंपन्यांच्या योजना पुष्कळदा अशाच असतात. त्यांपैकी बऱ्याच कंपन्या आपण होऊन हे संरक्षण देतात, पण गृहीत धरू नये. एचआरला थेट विचारावे: योजना सेल्फ-फंडेड आहे का, एबीए (वर्तनावर भर देणारी थेरपी), स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी यांना संरक्षण आहे का, वर्षाला भेटींची मर्यादा आहे का, आधी मंजुरी लागते का. नव्या कर्मचाऱ्याला योजना निवडण्यासाठी साधारण ३० दिवसच मिळतात.

विमा कंपन्या एबीएला बहुधा मंजुरी देतात, म्हणून डॉक्टरही बहुतेक वेळा तीच सुचवतात. या पद्धतीबद्दल प्रौढ स्वमग्न व्यक्तींनी गंभीर आक्षेप घेतलेले आहेत आणि ते वाचूनच निर्णय करावा; आठवड्याला इतके तास झालेच पाहिजेत, या आग्रहाला पालकांनी लगेच मान तुकवू नये.

कॅलिफोर्नियात जाणाऱ्यांसाठी आणखी एक दार उघडे असते. १९६९ च्या लँटरमन कायद्याखाली तेथे २१ रिजनल सेंटर चालतात. विकासात्मक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला ती आयुष्यभर सेवा देतात आणि त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. सॅन होजेच्या परिसराला सॅन अँड्रेयस हे केंद्र आहे, फ्रीमाँट-ओकलंड बाजूला ईस्ट बेचे केंद्र. राहायला गेल्याबरोबर अर्ज करावा.

पायरी ६: प्रवासाची वेळ आणि शाळेतली नोंदणी

टेक्सासमध्ये शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होतात, न्यू जर्सीत सहसा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि मे-जूनमध्ये बंद होतात. मूल्यमापनाची मुदत टेक्सासमध्ये शाळेच्या दिवसांत मोजतात आणि कॅलिफोर्नियात मोठ्या सुट्टीचे दिवस त्यातून वगळतात. म्हणजे मे महिन्यात पोहोचलेल्या कुटुंबाचे हे काम तेथे थेट शरदऋतूपर्यंत लांबते. न्यू जर्सीत उन्हाळ्यातही मुदत चालू राहते. निवड हातात असेल तर शाळा सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पोहोचणे मला सर्वांत सोयीचे वाटते: मुलाची झोप रुळावर येते आणि कार्यालयातील माणसेही कामावर परतलेली असतात.

नोंदणीसाठी भाडेकरार, वीज किंवा पाण्याचे बिल, जन्मदाखला, पासपोर्ट, लसीकरणाची नोंद आणि काही ठिकाणी तेथील डॉक्टरने केलेली तपासणी लागते. कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या घरात राहत असाल तर कोणता पुरावा चालतो हे आधीच विचारून ठेवावे, आणि तात्पुरते घरही शक्यतो निवडलेल्या डिस्ट्रिक्टमध्येच घ्यावे.

नोंदणीच्या कागदांत घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेचा एक फॉर्म असतो. मूल इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात अडकेल या भीतीने काही पालक तेथे केवळ ‘इंग्रजी’ असे लिहितात. स्वमग्न मुलाच्या बाबतीत हे अंगाशी येते. घरी मराठी बोलत असाल तर मराठीच लिहावे, कारण कायद्याप्रमाणे मूल्यमापन करताना मुलाची भाषा विचारात घ्यावी लागते आणि बैठकीसाठी पालकांना दुभाष्या मागता येतो. शिवाय बोलण्यातील अडचण नव्या भाषेमुळे आहे की स्वमग्नतेमुळे, हे ठरवताना खरी माहितीच कामाला येते. ‘घरी फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला कोणी दिला तर तो मानण्याची गरज नाही. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांच्या भाषाविकासाला अपाय होतो, असे संशोधनातून दिसलेले नाही, आणि आजीशी फोनवर बोलण्याची भाषा गेली तर मुलाच्या जगातले एक माणूस कमी होते.

पायरी ७: मूल्यमापनाचा लेखी अर्ज

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील एका डिस्ट्रिक्टमधून दुसरीत गेलेल्या मुलाला आधीच्या आयईपीसारख्या सेवा लगेच मिळतात. भारतातून आलेल्या मुलाकडे आयईपी नसतो, म्हणून भारतातील कागद पुरावा म्हणून वाचले जातात, पण ते शाळेला बांधत नाहीत. शाळेला स्वतः मूल्यमापन करावे लागते, आणि मुदतीचे घड्याळ पालकांच्या लेखी संमतीपासून सुरू होते. म्हणून प्राचार्य आणि विशेष शिक्षण कार्यालय या दोघांना एकाच ईमेलने अर्ज पाठवावा. मजकूर लहान असावा: ‘आमचा मुलगा अमुक शाळेत दुसरीत दाखल झाला आहे. त्याला ऑटिझमचे निदान झालेले असून अहवाल सोबत जोडले आहेत. विशेष शिक्षणाच्या पात्रतेसाठी सर्व संबंधित क्षेत्रांत त्याचे पूर्ण मूल्यमापन करावे, अशी आमची विनंती आहे. संमतीपत्र आमच्याकडे पाठवावे.’ तारीख घालावी आणि प्रत जपून ठेवावी.

संघराज्याच्या नियमाप्रमाणे संमतीनंतर ६० दिवसांत मूल्यमापन व्हावे, पण राज्याची मुदत वेगळी असल्यास ती लागू होते. कॅलिफोर्नियात अर्जानंतर १५ दिवसांत मूल्यमापनाचा आराखडा पालकांच्या हाती यावा लागतो आणि संमतीनंतर ६० दिवसांत आयईपीची बैठक. टेक्सासमध्ये लेखी अर्जाला शाळेच्या १५ दिवसांत उत्तर आणि संमतीनंतर शाळेच्या ४५ दिवसांत अहवाल. न्यू जर्सीत अर्जानंतर २० दिवसांत बैठक, आणि संमतीपासून ९० दिवसांत सेवा सुरू.

‘आत्ताच आला आहे, थोडा रुळू द्या, इंग्रजी येऊ द्या, मग पाहू’ असे उत्तर फार गोड शब्दांत येऊ शकते. त्यावर नम्रपणे, पण लेखीच, विचारावे की शाळा मूल्यमापनाला नकार देत आहे का. नकार असेल तर कारणांसह लेखी सूचना देणे शाळेवर बंधनकारक आहे. वर्गातच थोडी जादा मदत करून पाहू, या सबबीखाली मूल्यमापन लांबवता येत नाही, हे संघराज्याच्या शिक्षण खात्याने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

दरम्यान मूल वर्गात जाऊन बसलेले असते, म्हणून शिक्षक आणि शाळेच्या नर्ससाठी एका पानाची ओळख तयार ठेवावी. ‘मोठा आवाज झाला की कान झाकून जमिनीवर बसतो. हात धरून ओढू नये. हेडफोन दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहेत. तहान लागली तर मागत नाही, बाटलीकडे बघत राहतो’, अशा बेताचे ते असावे. अमेरिकी शाळांत आगीच्या इशाऱ्याचा सराव वारंवार होतो आणि तो भोंगा कर्कश असतो; सरावाआधी मुलाला सांगावे, अशी विनंती त्याच पानावर करावी.

पायरी ८: पात्रता आणि पहिली आयईपी बैठक

डॉक्टरांचे निदान असले म्हणजे शाळेची पात्रता मिळतेच असे नाही. त्या अपंगत्वाचा शिक्षणावर परिणाम होतो आणि म्हणून विशेष शिक्षणाची गरज आहे, असे दोन्ही दिसावे लागते. गुण चांगले आहेत म्हणून मूल अपात्र, असे कोणी म्हटले तर शिक्षणात मित्रांशी वागणे, संवाद आणि स्वावलंबन हेही येते, हे पालकांनी मांडावे. अपात्रतेचा निर्णय झालाच तरी १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ खाली वर्गातील सवलती मागता येतात. शाळेच्या मूल्यमापनाशी सहमत नसाल तर स्वतंत्र तज्ज्ञाकडून शाळेच्या खर्चाने पुन्हा मूल्यमापन मागण्याचा हक्क आहे.

पात्रता ठरल्यापासून ३० दिवसांत आयईपीची बैठक होते. मसुदा आधी मागून घ्यावा. प्रत्येक सेवेपुढे आठवड्याला किती वेळा, किती मिनिटे, एकट्याने की गटात, कोठे, हे लिहिले आहे का ते पाहावे. ‘गरजेप्रमाणे’ हा शब्द दिसला तर तेथे आकडा घालायला सांगावा. आपल्याकडे शिक्षकांसमोर वाद घालणे उद्धटपणाचे समजतात, आणि त्या संकोचात पुष्कळ पालक बैठकीतच सही करून मोकळे होतात. तेथे पालक समितीचे बरोबरीचे सदस्य असतात, आणि ‘घरी वाचून कळवतो’ असे म्हटले तर कोणालाही राग येत नाही. बैठकीला हजर होतो एवढ्यासाठी करायची सही आणि सेवांना संमती देणारी सही वेगळ्या असतात. कोणती आहे ते वाचून मगच पेन उचलावे.

आयईपीचा दरवर्षी आढावा होतो आणि तीन वर्षांतून किमान एकदा पुन्हा मूल्यमापन. त्याआधीही बैठक मागता येते. पुढे अमेरिकेतच दुसऱ्या गावी बदली झाली तर सही झालेला आयईपी, शेवटचा मूल्यमापन अहवाल आणि प्रगतीच्या नोंदी यांच्या प्रती जुनी शाळा सोडण्याआधी स्वतः हातात घ्याव्यात, कारण त्या दाखवल्या की नव्या डिस्ट्रिक्टला तुलनीय सेवा लगेच सुरू कराव्या लागतात, आणि शाळांनी परस्पर पाठवलेली कागदपत्रे पोहोचायला बहुधा वेळ लागतो.